परगावचं पाणी

प्रवासावर लिहिणारी माणसं डोंगर, किल्ले, समुद्र बघून आलेली असतात. मी ऐन उमेदीची तीस-पस्तीस वर्षं परगावी काढली, पण प्रत्येक गावात बघितली ती मांडवाची मागची बाजू. पुढं सनई वाजायची, अक्षता पडायच्या, आणि मी मागं बाभळीच्या धुरात डोळे पुसत उभा. मी लग्नाचा आचारी. निजामाचं राज्य असताना या धंद्यात पडलो आणि गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत त्यातच राहिलो. संपादकांना परगावच्या प्रवासातले हाल आणि मौजा असं दोन्ही हवं आहे. हाल पुष्कळ झाले. पण ते लिहायला बसलो की मला मौजाच आठवतात, याला म्हातारपण म्हणतात की काय कोण जाणे.

आमचं गाव उमरगा. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत गेलं की उर्दू, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. गळ्यात लिंग असणाऱ्या आमच्या लोकांत लग्नाला आचारी आपल्यातलाच लागे, आणि तसे आचारी त्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात एक माझा मामा, विरुपाक्षमामा. अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. धंदा मी त्याच्याकडून शिकलो. त्यानं पहिल्या वर्षी मला झाऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसती लाकडं सारायला लावली. "आधी जाळ वळखाय शिक, चव मागनं येती," म्हणायचा. वर्षभर त्याच्या नावानं बोटं मोडली. पुढं कळलं, की ज्याला जाळ कळत नाही त्याची भाजी वरून कच्ची आणि खालून काळी होते.

लग्नसराई फाल्गुनात सुरू व्हायची ती ज्येष्ठापर्यंत. या चार महिन्यांत मी घरी किती दिवस असायचो ते बायकोला विचारा. म्हणजे आता विचारता यायचं नाही, पण ती असती तर एका दमात सांगितलं असतं. बैलगाडीत कढई, झारे, पळ्या, डाळ घोटायची रवी आणि माझी वळकटी. दिवसभर गाडीत बसून अंग असं खिळखिळं व्हायचं, की उतरल्यावरही जमीन हलतेय असं वाटायचं. परगावी पोचलं की पहिला प्रश्न लाजत, हळूच एखाद्या गड्याला विचारायचा : सकाळी डबा घेऊन कुठल्या अंगाला जायचं? प्रत्येक गावाचा याबाबतीत आपला कायदा असतो. एका गावी न विचारता निघालो आणि नेमका पोलीस पाटलाच्या वाफ्यात जाऊन बसलो. त्याच्या दोन कुत्र्यांनी मला वेशीपर्यंत पोचवलं. मठात झोपायला जागा मिळाली तर ढेकूण, ओसरीवर मिळाली तर घरमालकाचं घोरणं. परक्या उशीवर मला आजही झोप लागत नाही, तेव्हा तर उशीच नसायची. गव्हाच्या रिकाम्या पोत्याची घडी डोक्याखाली घ्यायची.

एकदा लहान रेल्वेनं ढोकीकडं निघालो होतो. डब्यात माणसं अशी कोंबलेली, की माझ्या कढईला जागाच नाही. तिकीटबाबू ओरडायला लागला, "ये क्या घर उठाके लाया?" मी काही बोलायच्या आत समोरच्या एका बाईनं आपलं लुगडं दुमडून कढईत अंथरलं आणि मांडीवरचं तान्हं मूल त्यात ठेवलं. गाडीच्या हेलकाव्यानं ते पोर कढईत डुलत झोपी गेलं. तिकीटबाबू बघतच राहिला. मग म्हणाला, "रहने दो, रहने दो." त्या कढईत मी पुढं कितीतरी मण बुंदी तळली, पण तिचं सगळ्यात मोठं काम मी त्या दिवशी पाहिलं असं मला वाटतं.

आणखी एक सुख होतं, ते आचाऱ्यालाच कळेल. आचाऱ्याला आपल्या हातचं जेवण गोड लागत नाही. दिवसभर वास घेऊनच पोट भरलेलं असतं. शेवटची पंगत उठली, की मी मांडवामागं पाय पसरून बसायचो, आणि शेजारच्या कुठल्यातरी घरातून एखादी आजीबाई हाक मारायची, "या वो, दोन घास आमच्यातली भाकर खावा." तव्यावरची ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा. दोनशे माणसं माझी बुंदी खाऊन ढेकर देत असायची आणि मी तिथं चटणी-भाकरीवर तुटून पडायचो. त्या बायकांची नावं मी कधी विचारली नाहीत. त्यांनीही माझं विचारलं नाही. त्या भाकरीचे उपकार माझ्यावर अजून तसेच आहेत.

आता धंद्यातली खरी गोम सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, आचाऱ्याचं कसब मसाल्यात. मसाला कुणीही घालील. कसब असतं ते पाण्यात. आमच्या जिल्ह्यात एका विहिरीचं पाणी गोड, तर दोन शेतं सोडून दुसरीचं मचूळ. मचूळ पाणी माणूस पिऊन घेतो, बैलही पितो. पण तुरीची डाळ घेत नाही. मचूळ पाण्यात तूर दिवसभर उकळा, दाणा काही फुटत नाही. बोटात धरला तर टणक, दाताखाली धरला तर कचकच. वर पाणी आणि खाली खडे, असं वरण होतं. पापडखार घातला तर थोडा इलाज होतो, पण फार घातला की वरणाला साबणाचा वास सुटतो.

म्हणून मामानं घालून दिलेला रिवाज होता. लग्नाची सुपारी घ्यायच्या आधी आचाऱ्यानं त्या गावी स्वतः जायचं, तीन दगडं मांडायची, त्या घरी वापरात असेल त्या विहिरीचं तांब्याभर पाणी आणि मूठभर तूर ठेवायची, आणि पान खात बसायचं. पान संपून तोंड धुईपर्यंत दाणा फुटला तर पाणी चांगलं. लोक चेष्टा करायचे, "पावणे पोरगी बघाय येत्यात, ह्यो पाणी बघाय आलाय." आम्ही हसून घ्यायचो.

पण पाणी वाईट निघालं तर ते सांगायचं कसं, ही मोठी अडचण. जळकोटच्या पुढं एका गावात मी भाबडेपणानं सांगून टाकलं, "पाटील, तुमचं पाणी खारं हाय." पाटलाचा चेहराच बदलला. "आमच्या चार पिढ्या ह्या पाण्यावर वाढल्या. आन तू कोण टिकोजीराव आमच्या पाण्याला नावं ठिवणार?" मला त्या घरातून उपाशी परतावं लागलं. माणूस आपल्या पोराला नावं ठेवलेली एक वेळ ऐकून घेईल, पण गावच्या पाण्याला नाही. त्यानंतर मी "पाणी जरा जड हाय" एवढंच म्हणायला शिकलो. मग शहाणा घरमालक समजून घ्यायचा आणि दुसऱ्या विहिरीवर गाडी धाडायचा.

एकदाच मी पाणी न बघता सुपारी घेतली. ती माझ्या सासुरवाडीची.

माझ्या धाकट्या मेव्हणीचं, शांताचं लग्न ठरलं होतं. स्थळ सोलापूरचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. कापडाच्या दुकानाचं, तोलामोलाच्या जरा वरचंच. लढाईचे दिवस होते, धान्याची ओढाताण होती, तरी माझ्या सासऱ्यांनी, शिवप्पांनी, दोनशे पानांची तयारी केली होती. त्यांना आचारी दुसरा हवा होता. त्यांचं म्हणणं रास्त होतं. "जावईबापू, तुमी जावई. तुमी लोडाला टेकून बसायचं. जावई चुलीम्होरं घाम गाळाय लागला तर लोकं काय म्हणतील?" पण माझ्या अंगात तेव्हा कलेची घमेंड होती. घरच्या लग्नात दुसऱ्याच्या हातचं वरण? मी हट्टच धरला. ते म्हणाले, "मग पाणी बघून जावा, तुमच्या रिवाजापरमाणं." मी हसलो. "आवो, सात वर्सं तुमच्या घरचं पाणी पितोय. त्येचं आनि काय बघायचं?"

आता माझी चूक कुठं झाली ते नीट सांगतो. सात वर्षं मी सासुरवाडीला जात होतो ते दिवाळीला आणि पंचमीला. उन्हाळ्यात कधीच नाही, कारण उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि मी कुठल्यातरी तिसऱ्याच गावच्या चुलीवर. ओढ्याकाठच्या विहिरीचं ते पाणी खरंच गोड होतं. पण चैत्र लागला की ती विहीर आटते आणि सगळं गाव वेशीजवळच्या विहिरीवर येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ही चूक लग्नाचा आचारीच करू जाणे.

वऱ्हाड आदल्या दिवशी उन्हं कलताना आलं. सोलापूरहून दोन दिवसांचा गाडीचा रस्ता. उतारा मठात दिला होता, आणि पाणी मागितलं की पाहुण्यांपुढं ताक नाहीतर पन्हं यायचं. गाड्यांतून माणसांच्याही आधी उतरल्या त्या दोन मोठ्या तांब्याच्या घागरी, एकेक उचलायला दोन-दोन गडी. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. त्यांच्या मागून नवऱ्या मुलाची आजी उतरली, गुरव्वा. ठेंगणी, गोरी, कपाळाला विभूती, तोंडात मोजके दात. तिचा नेम होता, की परगावचं पाणी प्यायचं नाही. पूजेलाही घरचंच पाणी. नवऱ्या मुलाच्या भावानं हसत हसत सांगितलं, की निघताना चार घागरी होत्या. सरहद्दीवरच्या नाक्यावर एका शिपायाला संशय आला, तूप लपवून नेतात की काय, म्हणून त्यानं एका घागरीत बोटं बुडवली. आजीनं ती घागर तिथंच, त्याच्या पायावर ओतली. एक घागर वाटेत संपली. उरलेल्या दोन मुक्कामाला आणि परतीला.

दुसरे गृहस्थ सांगायला हवेत ते नवऱ्या मुलाचे काका. सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि त्या चष्म्यातून त्यांना फक्त वाईट दिसायचं. मांडव बुटका, बाज ढिली, सनईवाल्याचा दम कमी. सासरे बिचारे हात जोडून पुढं-पुढं. काका मला म्हणाले, "उद्याचं जेवण तरी नीट हाय न्हवं? का त्येबी असंच?" मी छाती काढून म्हणालो, "उद्या पानावर बसा, मग बोला."

पहाटे उठून चर खणून केलेल्या चुलीवर देग, म्हणजे पंगतीचं मोठं पातेलं, चढवली. निम्मी डाळ तिच्यात घातली, निम्मी पोत्यात ठेवली. उजाडलं, ऊन मांडवावर आलं. हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, एका बाजूला छान रटरटत होती. मी डाळीचा दाणा काढून बोटात दाबला. दबला नाही. लाकडं सारली. पुन्हा काढला. नाही. तेल घातलं, हळद घातली, शेवटी पापडखार घातला. फेस आला, पिवळ्याचं तांबूस झालं, वास सुटला. दाणा होता तसाच. तेव्हा मी पहिल्यांदा ओंजळीत पाणी घेऊन प्यालो; आल्यापासून मीही पाहुण्यांसारखा ताकावरच होतो. जीभ खरखरीत झाली.

बायकोला, नीलव्वाला, हाक मारली. ती आठ दिवस आधीच माहेरी आली होती. "हे पाणी कुठलं?"

"वेशीजवळचं. ओढ्याची हीर आटलीया की."

"मग सांगितलं का न्हायीस?"

"तुमी इचारलं का? सात वर्सं पाणी पितोय म्हनलासा." मग तिचं लक्ष देगीत गेलं. "आवो, उन्हाळ्यात हितं तूर कोन शिजवतंय? पिठलं करत्यात, आंबील करत्यात. तूर पावसाळ्यातच." तिनं मागं घराकडं बघून घेतलं. "आता वं?"

सासरे आले, त्यांनी देगीत पाहिलं आणि मटकन खाली बसले. गोडं पाणी तीन कोसांवर. गाडी जाऊन येईपर्यंत दुपार टळून गेली असती, आणि अक्षता तर बाराच्या ठोक्याला. शिवाय लग्नाच्या सकाळी पाण्याला गाडी निघाली की मठातल्या काकांना दिसणारच. वरणाशिवाय भात वाढायचा कसा? पोरीच्या लग्नात कच्चं वरण खाऊन वऱ्हाड गेलं, तर ते तेवढ्यावर थांबत नाही. जेवण दोन घटकांचं, पण ते पोरीबरोबर सासरी जातं. सासऱ्यांनी मला एक शब्द लावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

आणि मला त्या दोन घागरी आठवल्या.

वरण शिजवायला सगळं पाणी गोडं लागत नाही. थोड्या गोड्या पाण्यात डाळ घट्ट शिजवून, घोटून घेतली, की मग मचूळ पाणी घालून कितीही वाढवा, काही होत नाही. एकदा फुटलेला दाणा पुन्हा मिटत नाही. दोन घागरी मला पुरल्या असत्या. मी नीलव्वाला सांगितलं, तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "त्येंच्याकडं? त्येंच्यापास्नंच तर लपवायचंय!" तिचं खरं होतं. पण दुसरा रस्ता नव्हता. मी खांद्यावर टॉवेल टाकला आणि मठाकडं निघालो. रस्ता शंभर पावलांचा असेल. तीस-पस्तीस वर्षांत एवढा लांबचा प्रवास मी दुसरा केला नाही.

आजी ओवरीत एकटीच बसली होती. नुकतीच पूजा आटोपलेली. पुरुषमाणसं दाढीला बसली होती. मी वाकून म्हणालो, "आज्जी, जेवणात तिखट कितपत चालंल, इचाराय आलो."

तिनं मला खालपासून वर न्याहाळलं. "तिखटाचं इचाराय घरची बाई येती, आचारी न्हाय. बेळे बेंदिल्ल?"

डाळ शिजली नाही का, असं ती कानडीत विचारत होती. रचून आणलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. "न्हाय शिजली," मी म्हणालो. "माझीच चूक हाय. पाणी बघायचं राहिलं."

"किती पानं?"

"दोनशे."

"पोरीला ठावं हाय?"

"न्हाय. ती आत हळदीत बसलीया."

आजीनं दाढीला बसलेल्यांकडं नजर टाकली. मला वाटलं, आता काकांना हाक मारणार. ती म्हणाली, "माझ्या लग्नात हुग्गी करपली हुती. म्या नऊ वर्साची. त्या आचाऱ्याला डुलकी लागली का काय, मला काय ठावं? आता साठी उलटली माझी. आजून घरात हुग्गी केली की कुनीतरी म्हंतंयच, बघा रं, करपली न्हाय न्हवं? हसून म्हंत्यात. म्याबी हसते."

मी घागरींकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "पर आज्जी, तुमचा नेम... तुमाला प्याया..."

"लई बोलतोस. लिंगपूजेपुरता एक तांब्या काढून ठीव, आन बाकीचं उचल." आणि मग एकदम आवाज चढवून, दाढीला बसलेल्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "ये आचारी! माझ्या घागरी हितं उनात तापाय लागल्यात. ने त्या तुझ्या मांडवात सावलीला! आन सांबाळून ने, कुनाचं बोट लागंल!"

काकांनी तोंडावरच्या साबणातून बघितलं आणि पुन्हा मान वर केली. मी आणि मेव्हणा मल्लप्पा, आम्ही घागरी भर रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत नेल्या.

पहिली देग म्हशींच्या पुढं गेली. पोत्यातली निम्मी डाळ पुरणार नव्हती, पण नीलव्वा घरोघर फिरून आली. उन्हाळ्यात तूर कुणी शिजवत नव्हतं, म्हणून प्रत्येक घरी ती शिल्लक होती. कुणी वाटीभर, कुणी सूपभर, कुणी पदरात बांधून आणून दिली. कुणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना ते ठाऊकच होतं, आणि त्या गावातलं एकही तोंड वऱ्हाडासमोर उघडलं नाही. मी डाळ धुतली तीही त्याच घागरीतल्या पाण्यानं, थेंब थेंब जपून. चढवली. पान तोंडात घालायचं भान कुणाला होतं? तासाभरानं दाणा बोटात घेतला आणि तो लोण्यासारखा पसरला. सासरे चुलीशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी स्वतः दाणा दाबून बघितला, पुन्हा एक घेतला, पुन्हा दाबला. मग उठून, डोळ्यांना उपरणं लावत पुढं मांडवात गेले. धूर होता म्हणून असेल.

अक्षता पडल्या. पंगत बसली. मी खांबाआडून बघत होतो. काकांनी वरणात बोट फिरवलं, चिमटीत घेऊन पाहिलं, भातात कालवलं. एक घास, दोन घास. मग द्रोण पुढं केला, "वाढ आजून." तिसऱ्यांदाही वाढून घेतलं. हुग्गीबद्दल चकार शब्द नाही, भाजीबद्दल नाही, पण वरणावरून मात्र ते हलेनात. शेवटी म्हणाले, "आचारी कोन हाय? बलवा त्येला."

मी हात पुसत पुढं झालो. "आचारी, असं वरन आमच्या सोलापुरातबी व्हत न्हाय. पाणी कुठल्या हिरीचं म्हनायचं ह्ये?"

मल्लप्पाच्या हातात वाढायचं भांडं तसंच राहिलं. सासरे माझ्याकडं बघायला लागले. खोटं बोलावं तर मला ते आयुष्यात जमलं नाही, आणि खरं बोलायची सोय नव्हती.

ओसरीवर आजीचा पाट होता, वऱ्हाडातलं थोरलं माणूस म्हणून. तिनं मल्लप्पाला हाक मारली. "ये पोरा, पाणी दे मला."

मल्लप्पा घाबरून माझ्याकडं बघायला लागला. मांडवात पाणी होतं ते रांजणातलं, वेशीजवळच्या विहिरीचं. काका हसून म्हणाले, "आव्वा, तुझ्या घागरी..."

"घागरी राहू दे. हितलं दे."

मल्लप्पानं रांजणातून तांब्या भरून दिला. आजीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि दोनशे माणसांसमोर, न थांबता, तळापर्यंत रिकामा केला. मी ते पाणी सकाळी ओंजळभर प्यालो होतो, मला त्याची चव ठाऊक होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि काकांना म्हणाली, "ह्या गावचं पाणीच ग्वाड हाय. पोरगी ग्वाड पाण्यावर वाढलीया आपली."

गावकऱ्यांच्या पंगतीत माना ताठ झाल्या. कुणीतरी म्हणालंही, "व्हय जी, आमच्या पाण्याची गोष्टच न्यारी." आत, दाराआड, नीलव्वा शांताला मिठी मारून हुंदके देत होती, आणि शांताला वाटलं, ताई आपण सासरी जाणार म्हणून रडतेय.

शांताला सासरी कुणी कधी काही ऐकवलं नाही. उलट तिच्या माहेरच्या वरणाचं नाव त्या घरात निघत राहिलं. ती आज तिथं स्वतःच आजी झाली आहे आणि हे वाचून बहुधा मला पत्र घालील. गुरव्वा आजी त्या लग्नानंतर वर्षभरातच गेली. एकदा सोलापूरला जाऊन तिला भेटायचं मी मनात धरलं होतं, पण नेहमीप्रमाणं मी कुठल्यातरी गावी चुलीपुढं होतो आणि तिथंच मला निरोप कळला.

त्या दिवशी पंगतीतच मला धावत जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं होतं. पण काका विचारतील, आचाऱ्याला एवढं काय झालं, आणि सगळं बाहेर पडेल, या भीतीनं मी मागं वळलो आणि चुलीपाशी जाऊन उगाच निखारे सारत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघालं तेव्हा मी कढई घासत होतो. बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर जाईपर्यंत मी तिथंच, राखेत हात घालून बसलो. लग्नघरात म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडायला कुणी कारण विचारत नाही, तिथं सगळेच सगळ्यांच्या पाया पडत असतात, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा गाड्या वेशीबाहेर गेल्या होत्या.